पाण्यातल्या गणपतीला जाताना

आबा, तुम्हाला हसू येईल असं एक सांगते. माझा नातू आणि त्याचे मित्र गाडी घेऊन समुद्राकाठाने फिरायला निघालेत, पाण्यातले किल्ले बघत, आणि वाटेत तंबू ठोकून राहणार आहेत. आठवडाभर घरात तोच खल चाललाय. थांबायचं कुठे, पाणी कुठे मिळेल, चूल कशावर पेटवायची. त्याला वाटतं ही कल्पना त्याच्याच डोक्यातून निघाली. मी म्हटलं, अरे बाबा, हे सगळं आम्ही बैलगाडीने केलंय, लढाईच्या दिवसांत, कर्जतहून अलिबागपर्यंत. "आजी, तू कॅम्पिंग केलंयस?" असं त्याने डोळे मोठे करून विचारलं. आम्ही त्याला मुक्काम म्हणायचो, मी म्हटलं. तो पुन्हा फोनमध्ये डोकं घालून बसला आणि मी आत येऊन तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने कागद दिला की तो तुम्ही तुमच्या या लेकीच्याच हातात ठेवायचात. तेव्हा हेही मीच वाचून दाखवतेय असं समजा, आणि मध्येच उठून बैलांकडे जाऊ नका.

त्या पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला होता. उतरला तो पायांतलं सगळं बळ घेऊनच. चांगली दहा वर्षांची घोडी मी, पण भिंतीला धरून पडवीच्या टोकापर्यंत गेले की गुडघे दगा द्यायचे. ताप चढलेला असतानाच आईने नवस बोलून ठेवला होता. पेणहून एक मिठवाला आपल्या गावात यायचा, त्याने तिला अलिबागच्या किल्ल्यातल्या गणपतीचं सांगितलं होतं. किल्ला समुद्रात, पण पाणी बाजूला होतं आणि माणसं चालत देवळात जातात. आईला वाटलं, जो समुद्राला बाजूला सारतो त्याला एका पोरीचा ताप काय जड आहे. पोर वाचली तर संकष्टीला तिला तिच्या पायांनी चालवत तुझ्या दारी आणीन, असं ती बोलली. 'तिच्या पायांनी' हे शब्द तिने मध्ये कशाला घातले कोण जाणे. तुम्ही एकदा तिला म्हणालातही, "अगं, निस्ती आनीन म्हनाली आसतीस तर काय बिगडलं आसतं?" माझ्या आधीचा तिचा मुलगा तापातच गेला होता. नवस बोलल्यासारखा फिटला नाही तर ताप परत येणार, हे तिच्या मनातून कुणालाही काढता आलं नसतं. जाता-येता तिचा हात माझ्या कपाळाला लागायचा, पिठाचा असो की शेणाचा.

भात झोडून झालं, खळं रिकामं झालं, आणि तुम्ही बेत आखायला बसलात. मला अजून ते खळं दिसतं. सारवलेल्या जमिनीवर तुम्ही काटकीने रस्ता ओढताय आणि मुक्कामाच्या जागी एकेक चिंचोका ठेवताय. "हितं खालापूरच्या अलीकडं आंबराई हाय, हितं पयला. मंग पेनच्या येशीभाईर. मंग धरमतरची खाडी तरीनं वलांडली का पोयनाड." सावली हवी, गोडं पाणी हवं, बैलांना पेंढा टाकायला जागा हवी. अर्धा गाव सल्ला द्यायला जमायचा, त्यात जे कधी चौकच्या पुढे गेले नव्हते त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. पेट्रोल मिळत नव्हतं, कोळशावर चालणाऱ्या मोटारी धूर ओकत रस्त्याने जायच्या. कुणीतरी म्हणालं, पोरीला मोटारीतून न्या, तिचे हाल होतील. तुम्ही चिंचोका बोटाने पुढे सरकवत म्हणालात, "मोटारीतनं पोर चालंल कशी?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, पण त्यातलं मर्म तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आईने सामान बांधलं त्यात मिठाची पुरचुंडीही होती. मिठागरांच्या मुलखात मीठ घेऊन जाणारी माझी आई! तुम्ही तिला परतीच्या वाटेपर्यंत त्यावरून चिडवलंत.

मिठवाला तुम्हाला बजावून गेला होता, "संकष्टीला सकालची ओवटी हाय. पानी उतारलं का चालू लागा." तुम्ही मान डोलावलीत. पण ती मान उल्हास नदीच्या काठच्या माणसाची होती. आपली नदी पावसात चढते आणि उतरली की उतरली, मग पुढच्या आषाढापर्यंत तिच्यातून पोरंसोरं गुरं हाकतात. समुद्राचंही तसंच असणार असं तुम्ही धरून चाललात, आणि आम्हीही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

आणि निघालो. पहिल्याच दिवशी, गाव मागे पडलं न पडलं, तोच तुम्ही गाडी थांबवून म्हणालात, "बैल दमलं. जरा उतर गं बाय, तेवडंच वजन कमी." माझा बैलांवर जीव, मी उतरले. गाडीच्या मागच्या दांडीला धरून थोडं चालले, मग तुम्ही मला वर घेतलंत. दुपारी बैल पुन्हा दमले. दुसऱ्या दिवशी तर ते सकाळपासूनच दमायला लागले, आणि पेणच्या पुढे त्यांची जी दशा झाली ती सांगता सोय नाही. मला त्यांची इतकी दया यायची की मी आपणहून उडी मारायचे. कार्लेखिंडीचा चढ मी जवळजवळ सगळा पायी चढले, आणि वर पोचल्यावर बैलांच्या गळ्याला हात घालून त्यांना धीर दिला. तेच बैल भाताची गच्च भरलेली गाडी कर्जतच्या बाजारात नेताना कधी थांबले नव्हते, हे माझ्या टाळक्यात कितीतरी वर्षांनी शिरलं. माझ्या मुलीला सायकल शिकवत होते तेव्हा. रस्त्यात मध्येच उभी राहून मी एकटीच हसत सुटले.

संकष्टीच्या सकाळी आपण किनाऱ्यावर आलो तेव्हा समुद्र खरंच बाजूला झाला होता. किल्ला ओल्या वाळूत बसल्यासारखा दिसत होता. आईने तिथेच हात जोडले. तुम्ही मिशीला पीळ भरलात, "बग, उतारलंय पानी," आणि बैल सोडलेत. देवाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत. तीन दगडांची चूल मांडली, आईने उकड काढली, मोदक वळायला घेतले, तुम्ही बैलांना विहिरीवर नेऊन आणलंत, अंघोळ केलीत. नदी उतरलीय, आता घाई कसली? मी वाळूत बसून बघत होते. म्हटलं, "आबा, पानी जवळ आल्यागत दिसतंय." तुम्ही धोतर पिळत म्हणालात, "वाऱ्यानं हालत आसंल."

नैवेद्याचं ताट झाकून आपण निघालो तर मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण आडवी आली. "आता नका जाऊ, पानी भरतंय. उद्या सकाली या." तुम्ही आभाळाकडे पाहिलंत. "पाऊस नाय, काय नाय, मंग भरतंय कशानं?" ती इतकी हसली की तिला पाटी खाली ठेवावी लागली. मग तिने तुम्हाला समजावून सांगितलं, रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि तुमचा चेहरा उतरत गेला. आई ऐकायला तयार नव्हती. "आजून गुडघाभर बी नाय. अवो, चला. आज संकष्टी हाय, आज नाय गेलं तर नवस मोडला." तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, माझ्या पायांकडे पाहिलंत. खांद्यावर घेऊन तुम्ही मला झपाझप नेलंही असतंत. "उचलून न्यावी तर नवस नाय," तुम्ही म्हणालात, "आन् चालवत न्यावी तर पोर नाय." आणि वाळूत बसकण मारलीत. आई उभ्याने रडली. तुम्हाला मी कधी हरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, "खूळ माजं हाय. देवाचं नाय, पोरीचं नाय. आन् आयक, ह्यो देव आपनहून पान्यात जाऊन बसलाय. भरती कवा, ओवटी कवा, त्येला आपल्यापरीस ठावं हाय. एका दिसानं रागवायचा नाय." आईने चंद्र बघून उपास सोडला. तिचा हात माझ्या कपाळावर होता तो सकाळपर्यंत. कपाळ गारच होतं.

दुसऱ्या दिवशी चूल पेटलीच नाही. नैवेद्याला गूळ-खोबरं, आणि पाणी मागे सरताच आपण त्याच्या पाठोपाठ. आई पुढे, मध्ये मी, बाजूला तुम्ही. वाळू बरी होती, पण खडक लागले तसे पाय थरथरायला लागले. मधल्या सखल भागात पाणी उरलं होतं, माझ्या गुडघ्याएवढं. तिथे शेवाळावरून पाय सटकला आणि मी पाण्यातच बसले. छातीपर्यंत गार पाणी, तोंडात खारट. "आबा," मी हाक मारली. आई मागे वळून धावली. "थांब," तुम्ही म्हणालात, "हात लावू नको तिला." आई थांबली. तुम्ही हाताच्या अंतरावर, हात पाठीमागे बांधून, एखादं दुसऱ्याचंच पोर पडल्यासारखे उभे. "ऊठ गं बाय," एवढंच. मी पुन्हा हाक मारली. तुम्ही हलला नाहीत. असा राग मला तुमचा आयुष्यात आला नाही, आधी नाही, नंतर नाही. मी उठले ती त्या रागाने उठले, आणि तुमच्याकडे न बघता तरातरा किल्ल्याच्या दाराशी गेले.

देवळात आईने माझं डोकं उंबऱ्यावर टेकवलं आणि रडता रडता हसायला लागली. त्या दिवसानंतर माझ्या कपाळाला तिचा हात फक्त कुंकू लावायलाच लागला. तुम्ही बाहेर पायरीवर बसला होतात. मी गुळाचा खडा घेऊन आले, अजून घुश्शातच. तुम्ही तो घ्यायला हात पुढे केलात तेव्हा मनगटावर नखं रुतल्याच्या खुणा दिसल्या, लालभडक, एका ठिकाणी रक्त आलेलं. मी बघतेय म्हटल्यावर तुम्ही बाही खाली ओढलीत. "खडक लागला," म्हणालात.

नातवाला मी मुक्कामाच्या जागा सांगितल्या, ओहोटीचं दोनदा बजावलं. हे नाही सांगितलं, आणि हा कागदही त्याच्या हाती पडू देणार नाही. खडकाला तुमचा हात लागलाच नव्हता, हे मला त्या पायरीवरच कळलं होतं, आबा.