गाडीचं तोंड कुणीकडे

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा सापडलं. लाल गाडीच्या ब्रेकच्या नळीचा नट. मिस्त्रींनी काल बसवलेला. पाना लावायला गेलो तर नुसत्या बोटांनी फिरला! आवळला. सांडलेलं तेल पुसलं. पाना होता तिथेच, होता तसाच ठेवला. मग शटर पूर्ण वर केलं. मालक आले तेव्हा मी झाडत होतो.

किल्ली माझ्याकडे असते हे एक बरं आहे. सगळ्यांच्या आधी येतो आणि मिस्त्रींनी आदल्या दिवशी जिथे जिथे हात लावलाय तिथे माझा हात फिरवतो. थंडीपासून हेच चाललंय. कुणाला बोललेलो नाही. बोलणार कुणाला? मालकांना कळलं तर मिस्त्री घरी बसणार. मिस्त्री घरी तर दुकानाला कुलूप – "हे आहेत तोवर हे दुकान," असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून. आणि दुकान नाही तर मीही नाही. मी बाहेरून आलेला, मला या मुलखात राहायची परवानगी मालकांच्या सहीवर आहे.

शिवाय मला ठेवून घेतलं ते मिस्त्रींनीच. मालक म्हणाले होते, याला येतं काय? मिस्त्री म्हणाले, "काही येत नाही तेच चांगलं. शिकून आलेल्याला आधी विसरायला लावावं लागतं."

आता तेच विसरायला लागलेत. हे लिहितानाही भीती वाटते.

६ मार्च, गुरुवार

गाडीखाली आडवे पडलेले, हात बाहेर काढून म्हणाले, "ते दे रे. ते... चावायचं." मी पक्कड दिली. खालून हसले. मीही हसलो.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. "टिकलायस ना? की पुन्हा पायाला भिंगरी?" मागून वहिनी – "भाऊजींना म्हणावं, या वेळी तिथून पळालात तर इथे येऊ नका, तुमची खोली आम्ही शिलाई मशीनला दिली." मग सगळे हसले. मी पण. वहिनी गमतीत खरं बोलते.

माझ्याबरोबर आलेला तो लुकडा आता बंदरावर काम करतो. तो म्हणतो, इकडे ये, पेट्या उचलायच्या आणि ठेवायच्या, डोक्याला ताप नाही. दिवसभर तेच मनात. पेटी पडली तर निदान आवाज होतो. ढिला राहिलेला नट गप्प असतो. तो घाटात बोलतो.

आज दुकान बंद, तरी त्या रस्त्याने दोनदा गेलो. बाहेरून कुलूप बघितलं आणि परत आलो. काय बघायला गेलो होतो कुणास ठाऊक.

११ मार्च, मंगळवार

लाल गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची आहे. म्हणजे खरं तर त्यांच्या वडिलांची. दोन माणसांपुरती, बुटकी, टप नाही, आऱ्यांची चाकं. वडिलांनी तरुणपणी घेतली, आता ते चालवू शकत नाहीत म्हणून बाई चालवणार, ते शेजारी बसणार. सोमवारी निघायचंय, घाट उतरून समुद्राकडे, म्हातारा लहानपणी राहायचा त्या गावाला. बाई म्हणाल्या, "बाबांचं पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. या सोमवारी म्हणजे या सोमवारी."

राखाडी गाडी त्याच मॉडेलची, त्याच सुमाराची. तिला ठोकर बसलेली. मालकांनी ती सुट्या भागांसाठीच घेतली. रोज तिच्यातलं काही ना काही काढायचं आणि लालला घालायचं. मिस्त्री म्हणतात, थोरलीचे कपडे धाकटीला. "फक्त इथे दोघी एकाच वयाच्या, आणि थोरली तक्रार करत नाही."

आता मागचे हब राहिलेत. हब म्हणजे चाक ज्याच्यावर चढतं तो दात्यांचा तुंबा. लालचे दाते झिजून सुऱ्यासारखे झालेत, राखाडीचे चांगले आहेत. या गाड्यांच्या चाकाला एकच नट, मधोमध, दोन कानांचा. तांब्याच्या हातोड्याने कानावर मारून आवळायचा. डाव्या बाजूचे आटे सरळ, उजव्या बाजूचे उलटे. म्हणजे गाडी पळते तसा नट आपला आपण आवळत जातो. बनवणाऱ्याचं डोकं बघा. पण बाजू बदलली तर गाडी पळेल तसा सुटत जाणार. मिस्त्रींचा पहिल्या आठवड्यातला धडा – "सोडायचा ठोका गाडीच्या तोंडाकडे. आवळायचा डिकीकडे. डावं उजवं विसरलास तरी चालेल, तोंड विसरू नको."

जागा इतकी कमी की दोन गाड्यांच्या मधून आडवं होऊन जावं लागतं.

१४ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींनी आज हब बदलले. मला हात लावू दिला नाही. "तू पाण्याची नळी बघ."

मी नळी बघता बघता त्यांना बघत होतो. आज हात अगदी पूर्वीसारखे चालत होते. त्यांची ती जुनी पद्धत – खिडकीकडून काढलेलं खिडकीकडच्या फळीवर, कपाटाकडून काढलेलं कपाटाकडच्या. चिठ्ठी नाही, खूण नाही. राखाडीचे नटांसकट काढून ठेवले, लालचे तसेच काढून ठेवले, मग राखाडीचे उचलून लालला. एकदाही थांबले नाहीत. शीळ घालत होते. मालक बघून म्हणाले, "वा मिस्त्री, आज स्वारी रंगात आहे." खरंच होती. मला इतकं बरं वाटलं की दुपारी एक पोळी जास्त खाल्ली.

१५ मार्च, शनिवार

सकाळी लवकर आलो. लाल गाडीवर कापड घातलेलं होतं. चाकापुरतं उचललं. नटावर सोडायचा बाण कोरलेला असतो, त्याच्या उलट्या बाजूने ठोका दिला. दगड! दुसरा बघितला, तोही दगड. कापड खाली सोडलं. ब्रेक, नळ्या, सगळं चोख. आज मिस्त्रींची एकही चूक काढायला जागा नव्हती.

बाई वडिलांना घेऊन आल्या. म्हाताऱ्याने गाडीच्या दारावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बाई म्हणाल्या, "बाबा, बसायचंय की नुसतं हात लावायचाय?" म्हातारा म्हणाला, "तुला घाई असेल तर तू पुढे चालत हो." मिस्त्री खूप हसले. दोघं गाडी घेऊन गेले. आज पहिल्यांदा वाटलं, मी उगाच घाबरतोय. माणूस एखादा नट विसरतोच.

१७ मार्च, सोमवार, दुपार

अक्षर वेडंवाकडं येतंय. मालक ट्रक घेऊन गेलेत, मी दुकानात एकटा आहे आणि काहीतरी केल्याशिवाय बसवत नाही म्हणून लिहितोय.

राखाडीला अंगणात ढकलायची होती. ढकलायला चाकं हवीत. म्हणून मी लालचे जुने झिजलेले हब राखाडीला लावत होतो. खिडकीकडच्या फळीवरचा खिडकीकडे. बसला. चाक चढवलं, नट आवळला. हातोडा खाली ठेवताना सहज नजर गेली – सोडायचा बाण डिकीकडे.

डिकीकडे कसा? पलीकडे गेलो. तिकडेही डिकीकडे.

मग वर बघितलं. राखाडीचं तोंड भिंतीकडे. तिचं स्टिअरिंग वळत नाही म्हणून ती सरळ आत ढकललेली. लाल उलटी घेतली होती, तोंड दाराकडे, बाहेर काढायला सोपी म्हणून. दोघी शेजारी शेजारी, पण उलट्या तोंडांच्या! एकीची खिडकीकडची बाजू डावी, दुसरीची उजवी. मिस्त्रींनी खिडकीकडचं खिडकीकडे घातलं. गाडीचं तोंड बघितलं नाही.

आणि मी शनिवारी बाण बघितला, ठोका दिला. घट्ट होता. घट्टच असणार. उभ्या गाडीला काय होतंय. कापडाखाली तोंड होतं ते मीही बघितलं नाही.

आज सोमवार. ते सकाळीच निघाले असणार.

मिस्त्री मागच्या बाजूला डबा उघडत होते. मला म्हणाले, "ये रे, आज भेंडी आहे." सरळ मालकांकडे गेलो. जाता जाता ठरवलं की काय सांगायचं. म्हणालो, "लालचे हब मी बसवले होते. बाजू चुकली माझी. चाक सुटेल."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्यांनी फोन लावला. बाई उचलेनात. पुन्हा लावला. "उघड्या गाडीत वाऱ्याने काय ऐकू जाणार," स्वतःशीच म्हणाले. मग मिस्त्रींना हाक मारली, "मिस्त्री, चला," आणि दोघं ट्रक घेऊन निघाले. मला म्हणाले, "तू फोन लावत राहा." मिस्त्री चढताना मागे वळून बघत होते. त्यांना काय झालंय तेच कळलं नव्हतं. डबा तसाच उघडा आहे.

मी फोन लावतोय. वाजतो, वाजतो, बंद होतो. तो घाट मी बघितलाय, ट्रकमधून. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

म्हातारा म्हणाला होता तू पुढे चालत हो. सारखं तेच ऐकू येतंय.

पुन्हा वाजतोय.

१७ मार्च, संध्याकाळ

जिवंत आहेत. दोघंही.

मालकांचा फोन आला तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. घाटाच्या तोंडाशी चिकूवाली बसते तिथे गाडी उभी होती. म्हातारा सकाळपासून म्हणत होता, मागून काहीतरी टकटकतंय. बाई म्हणत होत्या, बाबा, जुनी गाडी आहे, ती बोलणारच. शेवटी म्हाताऱ्याने चिकूसाठी हट्ट धरला. मालक म्हणाले, चिकू त्याला चालतही नाहीत, साखर आहे. थांबवायचंच होतं त्याला. नट शेवटच्या आट्यांवर लोंबत होता. हाताने काढला मालकांनी.

बाईंना मालकांनी सगळं खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत म्हणे. रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या.

१८ मार्च, मंगळवार

लाल गाडी ट्रकवरून परत आली. मी तिच्याकडे बघत नाही.

मिस्त्री आले नाहीत. मालक माझ्याशी कामापुरतं बोलतात. हब त्यांनी स्वतः काढले, स्वतः बसवले, मला समोर उभं करून. "तोंड कुणीकडे?" विचारलं. मी दाखवलं. "बाण?" दाखवला. बस.

मला कधी काढणार ते सांगत नाहीत. सांगून टाकलं तर बरं. पिशवी भरून ठेवलीय. दादाला काय सांगू? पळालो नाही, हाकललं, असं. वहिनी म्हणेल, निदान या वेळी वेगळं काहीतरी केलंत. लुकड्याला फोन केला, उचलला नाही.

एकच समाधान, मिस्त्रींचं नाव नाही आलं.

२० मार्च, गुरुवार

मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. कॉटवर बसले होते. माझी पिशवी बघून म्हणाले, "कुठे निघालास? तुला कुणी काढलंय?" मग म्हणाले, "हब तू बसवलेस म्हणे. मालकांना खोटं सांगतोस, लेका? त्यांना सगळं माहीत आहे. थंडीतच मी त्यांना सांगितलं होतं, माझं डोकं गळतंय, मला काढा. मग म्हणालो, पण पोरगा रोज सकाळी माझ्या मागून हात फिरवतो. त्याच्या हातून काही सुटत नाही. तो आहे तोवर मी करतो. तर मालक म्हणाले, करा." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगितलं असतं तर तू माझ्यासमोर तपासलं असतंस."

ते माझ्या भरवशावर बसवत होते. मी त्यांच्या भरवशावर तपासत होतो. मधे कुणीच नव्हतं.