एकशे दहा अंशांवर ठाम

मंगळवार, २५ मार्च २०२५, सायंकाळी ६.१०
परसात बसून तेलाच्या जुन्या पिंपाला ड्रिलने भोक पाडत होतो. आप्पांनी विचारले, काय चाललंय. सांगितले: स्मोकर. मटण विस्तवावर भाजायचे नाही, झाकलेल्या पिंपात एकशे दहा अंशांच्या धुरात आठ तास ठेवायचे. अंश इकडेतिकडे होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मी स्वतः बनवणार. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला असला, तरी शहरात, खडेबाजारात मोबाइल दुरुस्तीची तीन वर्षे पाठीशी आहेत. आपला रस्त्याकडचा गाळा मिळाला, तर शहरातल्या कॅम्पातली गिऱ्हाइके गाड्या काढून आमच्या कंग्राळी गावाला येतील.
आप्पा म्हणाले, गाळा निपाणीच्या कलगोंडा अण्णांनी खताच्या दुकानासाठी मागितलाय, महिना सात हजार. मी पुढचे भोक पाडायला घेतले. मग तेच म्हणाले, "जत्रेत पाहुण्यांनी मटणाचं नाव काढलं तर गाळा मटणाला. न्हायतर खताला."
लेखी मागितले नाही. घरचेच आहेत.

शुक्रवार, २८ मार्च
तत्त्व सोपे आहे. सेन्सर तापमान सांगतो. कमी असेल तर कंट्रोलर पंखा लावतो, निखारे फुलतात. जास्त झाले की पंखा बंद. पंखा जुन्या कॉम्प्युटरमधला. आईकडून सहा हजार घेतले. कशाला, हे तिने विचारले नाही. परत कधी, हे विचारले. जत्रेनंतर, म्हणालो.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन तास काम.

शनिवार, २९ मार्च, सकाळी ७.४५
पहाटेची हवा दमट असते. सोल्डरिंगला योग्य नाही.

बुधवार, ९ एप्रिल
पहिली चाचणी. एक कोंबडी.
निखारे पेटले, पण आकडा वर जायचा सोडून खाली येऊ लागला. तीस, अठरा, पाच, शून्य. इकडे पिंपाचा रंग सोलून निघत होता. कंट्रोलरला वाटले आत बर्फ पडलाय. त्याने पंखा पूर्ण जोरात सोडला. त्याचा दोष नाही. मिळालेल्या माहितीवर त्याने योग्य निर्णय घेतला. सेन्सरच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. (कोणाकडून, हा प्रश्न आता गौण आहे.)
धाकट्या बहिणीने, रचनाने, कोंबडी चिमट्यात धरून सगळ्यांना विचारले, ही आधी काय होती. मी सांगितले की आज पंख्याची कमाल ताकद तपासायची होती.

गुरुवार, १७ एप्रिल
तारा सरळ केल्या. कोंबडीला पैसे नाहीत, म्हणून आत वजनाला दोन विटा ठेवल्या. चार तास एकशे दहा. विटा उत्तम.
घरात नियम सांगितला: झाकण कोणीही उघडायचे नाही, उष्णता जाते. आई म्हणाली, "मग आत शिजलंय का जळलंय, कळायचं कसं रं?" आकडा बघून, मी म्हणालो. तिने आकड्याकडे पाहिले आणि खोबरे भाजायला आत गेली.

बुधवार, २३ एप्रिल. जत्रेचे जेवण.
सकाळी ६.०० आठ किलो मटण जाळीवर. बाकीचे आईच्या तांबड्या रश्श्याला. माझे दुपारी दोनला तयार.
९.३० पाहुणे अंदाजापेक्षा फार. आप्पांनी खुर्च्या आणायला पिटाळले. हरकत नाही. कंट्रोलर मोबाइलला जोडलेला आहे, सगळे खिशात दिसते.
११.२० टेम्पोतून खुर्च्या उतरवताना पाहिले, तापमान एकदम चौऱ्याऐंशी. वाऱ्याची झुळूक असावी. तीन मिनिटांत कंट्रोलरने परत एकशे दहावर आणले, कोणाच्या मदतीशिवाय. डोळे भरून आले.
१.०० दुसरी पंगत. आता पिंपाजवळून हलणार नाही. मोबाइलवरची तापमानाची रेषा पट्टीने ओढल्यासारखी. आप्पांना दाखवली. ते म्हणाले, जेवून घे. मी म्हणालो, दोन वाजले की सगळे इकडेच येतील.
२.०० आठ-दहा पाहुण्यांना बोलावून झाकण उघडले. आत जाळी होती. जाळीवर काही नव्हते.
रचना म्हणाली, पहिल्या पंगतीलाच रश्श्यातलं मटण संपलं, मग आईनं अकराच्या पुढं तुझं सगळं काढून रश्श्यात सोडलं, तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय? म्हणजे पावणेतीन तास मी आणि कंट्रोलर मिळून रिकामी जाळी एकशे दहा अंशांवर सांभाळत होतो.
ओसरीवर मालुबाई आत्या तिसऱ्यांदा आईपुढे वाटी धरत होत्या. "जयाबाई, औंदा मटणाला काय गं घातलंस? असलं मटण गावात कुठं खाल्लं न्हाय." खानापूरचे रवळू मामा रस्सा डब्यात भरून मागत होते. मी सांगितले, तो धूर माझा आहे. मामा म्हणाले, "व्हय बाळा," आणि डबा पुढे केला.

रविवार, २७ एप्रिल, दुपारी १२.३०
आप्पांनी शब्द पाळला. कलगोंडा अण्णांना नाही म्हणून कळवले. गाळा मटणाला. पाटी रंगवून आली: जयाबाई खानावळ.
मी शांतपणे मुद्दा मांडला की चव धुराची, धूर पिंपाचा आणि पिंप माझे. आई म्हणाली, "मी कुठं न्हाय म्हणत्ये? पिंप रोज तूच पेटवायचं. तीन तासानं मी काढत्ये." आठ तासांचे काय, विचारले. ती म्हणाली, तवर गिऱ्हाईक निपाणीला पोचंल.
कंट्रोलर ठेवायला तिची ना नाही. फक्त त्याचा डबा फळीवर मीठ-मसाल्याच्या आड ठेवायचा आहे. तांत्रिक बाजू माझ्याकडे, असे ठरले आहे. म्हणजे कोणी वेगळे काही बोललेले नाही. पाटीवर माझ्या नावाला जागा उरली नव्हती.

एकूण खर्च: बोर्ड, सेन्सर, तारा, कोळसा, एक कोंबडी मिळून ७,३५०. पिंप आणि विटा घरच्या.
देणे: आईला ६,०००. रोख नको म्हणते. रोज पाच किलो कांदे सोलायचे, दिवाळीपर्यंत.
आजचे झाले: दोन किलो.