तिसऱ्या बाळानंतरची बाहुली

मी, रोझिना मासिलेला, माहेरची जियाने, वय एकोणऐंशी, राहणार सियाबुस्वा, डोळे अधू झाले असले तरी डोके ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहवून घेत आहे. लिहिणारे आमच्या चर्चचे सेक्रेटरी एलायजा कबिनी. त्यांनी माझे शब्द सुधारू नयेत.

१. मण्यांचे डबे, सुया व पितळी कडी नात थांडेका हिला. ती पर्यटकांसाठी दिवसाला चार बाहुल्या उरकते. खुशाल उरकाव्यात. पण नवरीसाठी करशील तेव्हा, पोरी, घाई करू नकोस. आईच्या आईने केलेली बाहुली म्हणजे नातीच्या ओटीत घातलेले मूल असते.

२. थोरला पेत्रुस याला दोन गाई. माझ्या आजारपणात तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा गाईंचे दात पाहून गेला.

३. माझी लग्नातली बाहुली मक्याच्या पिठाच्या पिंपात, तळाशी फडक्यात आहे. ती जाळावी. जुन्या बाहुल्या मागत फिरणाऱ्या संग्रहालयाच्या बाईंना देऊ नये, माझ्याबरोबर पुरूही नये. तिसरे मूल झाले की बाहुली घराबाहेर जाते, ठेवली तर अनिष्ट, हे आमच्यात शेंबडे पोरही जाणते. माझा तिसरा, वुसी, झाला तेव्हा त्याच अंगणात राहणारी धाकटी जाऊ लेट्टा म्हणाली, "जाऊबाई, आता तरी ती काढा घरातून." तिला मूलबाळ नव्हते, तिचाच बाहुलीवर डोळा आहे असे मला वाटले. आजीच्या हातची ती, माझ्याने टाकवेना. देऊन टाकली म्हणून सांगितले आणि पिंपात लपवली.

आठव्या महिन्यात वुसी तापाने गेला. बायका विचारू लागल्या, "बाहुली काढली होतीस ना गं?" मी म्हटले, "काढली होती. लेट्टाची नजर लागली."

त्याच आठवड्यात लोकांनी चेटकीण म्हणत तिचे घर पेटवले. दिराने तिला माहेरी धाडले, तिथेही कोणी तिच्या हातचे पाणी प्याले नाही. वुसी बाहुलीमुळे गेला की तापामुळे, देव जाणे. लेट्टामुळे गेला नाही, हे मला तेव्हाही माहीत होते. सेहेचाळीस वर्षे मी तोंड शिवून बसले. मला माझी लाज वाटते.

४. म्हणून माझे घर व अंगण लेट्टाला. कलम तीन मला माती देण्यापूर्वी फाटकापाशी मोठ्याने वाचावे. पेत्रुस म्हणतो, "आई, मेल्यावर तरी आमची अब्रू ठेव." तिची ठेवली होती का मी? न वाचल्यास त्याच्या गाईही थांडेकाला.

आज लेट्टाला बोलावून हे सर्व तिच्यासमोर एलायजांकडून वाचून घेतले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "साक्षीदार म्हणून मी सही करणार."

एलायजा म्हणाले, "मावशी, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर घर गेलं."

"जाऊ दे. माझं घर जाळलं त्या अंगणात मी झोपू? हिनं कबूल केलं आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, एवढं कागदावर राहू दे."

मी विचारले, "लेट्टा, माफ केलंस मला?"

"नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "पेन द्या इकडे."

लिहून देणार : रोझिना मासिलेला (डाव्या अंगठ्याचा ठसा)
साक्षीदार : १. एलायजा कबिनी
२. लेट्टा मासिलेला
सियाबुस्वा, ११ जून २०२१