दुसऱ्याची सकाळ

६ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, तुझे भाऊ-वहिनीही मजेत असतील. माझे गुडघे होते तसेच आहेत, त्यांची चौकशी करू नकोस. घरी सगळं ठीक.

जाताना तू म्हणालीस, काही दिवस फोन करू नका. मी नाही केला. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि मी बोलत सुटते, त्यापेक्षा हे बरं. कंटाळा आला तर घडी घालून ठेवता तरी येतं.

आता बातमी सांगते, बसून वाच. तुझं प्रकाशन बंद पडलेलं नाही. मी चालवतेय.

झालं असं की, तू गेल्यावर मागच्या खोलीतला तुझ्या प्रकाशनाचा फोन वाजायला लागला. पहिल्यांदा मी कानाडोळा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अगं, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलाय मी, वाजणारा फोन मला सोसवत नाही, भरल्या ताटावरून उठते. उचलला आणि जुन्या सवयीनं विचारलं, कुठे जोडून देऊ? पलीकडे तुझे रिमोटवाले. टीव्हीच्या रिमोटवर कुणीच दाबत नाही अशी बटणं का असतात, यावर ज्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं आणि तू ते हौसेनं छापलंस, ते. म्हणाले, नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तयार आहे, कुणाकडे पाठवू? मी म्हणाले, माझ्याकडे. तोंडातून निघूनच गेलं. आपण कोण, असं त्यांनी विचारलं, तर म्हटलं, हंगामी.

तेव्हापासून मला दिवस पुरत नाही. एका डिझाइन कॉलेजची मोठी ऑर्डर आली. गठ्ठा मी स्वतः बांधला, सुतळीला अशा गाठी मारल्या की वाटेत एक पान हलायला नको. तिथल्या प्राध्यापिकेचा फोन आला. म्हणाली, "वापरायला सोपं कसं करावं याची पुस्तकं तुम्ही पाठवलीत आणि गठ्ठा उघडायला आम्हाला शिपायाकडून करवत मागवावी लागली." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तीही हसली. आता मी चिकटपट्टी लावते आणि टोक दुमडून ठेवते, धरून ओढायला.

युजर एक्सपीरियन्स म्हणताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी ते सोडूनच दिलंय. तुम्ही कसली पुस्तकं काढता, असं कुणी विचारलं की सांगते, माणसाचं कुठे अडतं त्याची. लोकांना पटकन कळतं. शेजारचा घड्याळवाला तर म्हणाला, मग तुमचा धंदा कधी बुडायचा नाही.

एक गोष्ट मात्र मला जमत नाहीये. पुस्तक छापायला देण्याआधी तू एखादं प्रकरण माझ्या पुढ्यात टाकायचीस आणि शेजारी गप्प बसायचीस, आठवतं? मला वाटायचं, दमलीय बिचारी, टेकलीय जरा. माझं बोट ओळीवर कुठे थांबतं ते तू टिपून घ्यायचीस, हे मला आत्ता रिमोटवाल्यांनी सांगितलं. वाचणाऱ्याला मदत करायची नाही, मान हलवायची नाही, नुसतं बघायचं. आता ते काम माझ्याकडे. मी खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना बसवलं. त्या दुसऱ्या परिच्छेदावर अडल्या आणि मी लगेच समजावून सांगितलं. तिसऱ्यावर अडल्या, तेही सांगितलं. रिमोटवाल्यांना अभिमानानं कळवलं, तर ते हळूच म्हणाले, "मग प्रकरण वाचलं कुणी, त्यांनी की तुम्ही?" ते सगळं फुकट गेलं. पुढच्या वेळी पेपरमिंटची गोळी तोंडात धरून बसणार आहे. गोळी असली की मला बोलता येत नाही.

तुझी खोली जशीच्या तशी आहे. माझ्याखेरीज कुणी आत आलेलं नाही. म्हणजे मी येऊ दिलेलं नाही.

भाऊ-वहिनींना आशीर्वाद सांग. जेवत जा.

तुझी,
सासू

---

२९ नोव्हेंबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड आलं. "कागद पिवळसर घ्या, पांढरा डोळ्यांवर येतो." एवढीच ओळ, खाली सहीसुद्धा नाही, पण मी ती घेऊन घरभर नाचले म्हणालीस तरी चालेल. तू रागावून पत्रच परत पाठवशील अशी धास्ती होती. जीव भांड्यात पडला.

तशीच उठून छापखान्यात गेले. छापखानेवाला म्हणाला, पांढराच घ्या, उठून दिसतो. मी म्हटलं, भाऊ, पुस्तक वाचायचंय, लग्नात मिरवायचं नाहीये. पिवळसर कागद मिळाला. मुखपृष्ठ तू ठरवलेलंच ठेवलंय, रिकामा कप आणि उघडी खिडकी. तिथं यंत्राचा तो दणदणाट, शाईचा वास, ताज्या कागदाची ऊब, मला तर शाळेतून पळून आल्यासारखं वाटत होतं. या वयात एवढं उचंबळून येणं बरं का, असं डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, पण त्या दातांच्या.

आता दोन पानं झाली. जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

शेवटच्या प्रकरणाचं नाव "दुसऱ्याची सकाळ". तू ते वाचलेलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. रिमोटवाले म्हणतात, कुणासाठीही काही बनवायच्या आधी त्याचा दिवस माहीत हवा. प्रकरणाच्या शेवटी एक अभ्यास दिलाय. आपल्या घरातलं एक माणूस निवडा. सकाळी उठल्यापासून पहिल्या तासात ते काय काय करतं, एकेक गोष्ट एकेका चौकटीत लिहा. त्याचं कुठे अडतं, तिथे खूण करा. रेघ मारलेल्या रिकाम्या चौकटी खाली छापल्यात. मला वाटलं, हे तर पोरखेळासारखं सोपं आहे.

रविवारी माझा मुलगा त्या मित्राला घेऊन आला, टेपनं खोली मोजायला. हो, तोच मित्र. मुलानं तुला न विचारता तुझी खोली ज्याच्या ऑफिसला देऊन टाकली आणि तुला ते ज्याच्याच तोंडून कळलं, तो. त्या दिवशी तू काही न बोलता बॅग भरलीस आणि मी मात्र बोलत राहिले, हवापाणी, भाजी, काय काय, कुणाला एक अक्षर बोलायला फट मिळू नये म्हणून. आठवलं की माझा मलाच राग येतो.

या वेळी मी मित्राला म्हटलं, टेप खिशात घाला, घर माझ्या नावावर आहे. तो बिचारा आल्या पावली गेला. मुलगा तडकला. म्हणाला, तिचं पुस्तकांचं खूळ ती गेली तरी संपलं नाही का? मी म्हटलं, खोली हवी ना तुला? मग तिथे बनतं काय ते तरी एकदा बघ. हे एक प्रकरण वाच, अभ्यास कर, मग बोलू. मला चाचणीसाठी धंद्यातलं काही न कळणारं माणूस हवंच होतं.

बसला. मी शेजारी बसले आणि तोंडात गोळी टाकली.

प्रकरण त्यानं भराभरा वाचलं. कुठेही अडला नाही, मी एकही खूण केली नाही. मग पेन्सिल घेतली. वर नाव लिहायचं होतं, तिथे तुझं लिहिलं. मला आनंद झाला. पहिल्या चौकटीत लिहिलं, उठते. दुसरीत, चहा. आणि पेन्सिल थांबली.

अगं, मी तुला काय सांगू. थांबली ती थांबलीच. त्यानं भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. प्रश्नच बरोबर नाही म्हणाला. मग चौकटी फार लहान आहेत म्हणाला. गोळी विरघळली, मी दुसरी टाकली. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. लहानपणापासून तो अडला की मीच सांगत आलेय, शाळेतल्या प्रश्नापासून मुलाखतीला कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत. तो थांबायचा आणि मी बोलायचे. आमच्या दोघांचं जगणंच तसं चाललेलं.

शेवटी त्यानं माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"आई, ती सकाळी उठून करते काय?"

मी गोळी गालात सारली. "मी सांगणार नाही," म्हटलं.

तो कागद तिथेच टाकून निघून गेला. मी खूप रडले आणि मग त्या कागदावर खूण केली, तिसऱ्या चौकटीवर. चाचणी झाल्याचं रिमोटवाल्यांना कळवलं. वाचणारा कुठे अडला ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रकरणात कुठेच नाही, प्रकरण उत्तम आहे, छापा.

तू का गेलीस ते मला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

तुझी,
आई (तुला चालत असेल तर)

---

१४ डिसेंबर

प्रकाशकबाईंस,

अनेक आशीर्वाद. या खेपेला मायना असा का, ते शेवटी कळेल.

पुस्तक आलं. आज सकाळी टेम्पोतून गठ्ठे उतरले. पहिला गठ्ठा मी उभ्या उभ्याच फोडला आणि पहिली प्रत उघडून नाकाला लावली. टेम्पोवाला बघतच राहिला. पिवळसर कागद काय शोभतोय म्हणून सांगू. तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एक चूक राहिलीय, मजकुरात एके ठिकाणी पानाचा आकडा उलटा पडलाय, ते आधीच सांगून टाकते म्हणजे तू शोधत बसणार नाहीस. शोधशीलच. प्रत सोबत पाठवतेय, पाकिटाचं टोक दुमडलेलं आहे.

आणि कॉलेजची ती प्राध्यापिका आहे ना, करवतवाली, तिनं छापून यायच्या आधीच सगळ्या वर्गासाठी मागणी नोंदवली. मी फोन ठेवला आणि एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

मग दुपारी, प्रती मोजून झाल्यावर, अभ्यासाला मी स्वतः बसले. तुझंच नाव लिहिलं. मुलाला नावं ठेवली खरी, पण माझ्या पेन्सिलीनंही स्वयंपाकघरापर्यंतच मजल मारली. तू मागच्या खोलीचं दार ओढून घेतलंस की पुढचं मला ठाऊक नव्हतं. म्हणजे परवा-परवापर्यंत नव्हतं. आता मी रोज त्याच खुर्चीत बसते, तेव्हा कळतं. आधी खिडकी उघडायला लागते, नाहीतर कागदांचा कोंदट वास येतो. मग टेबलाचा डावा पाय डगमगतो, त्याखाली कागदाची घडी घालावी लागते. ती घडी पुन्हा पुन्हा कोण काढतं याचा मला शोध लागला. केर काढताना मीच काढत होते. तू वर्षानुवर्षं रोज नवी घडी घालत राहिलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस. सगळ्या चौकटी भरल्या, एक उरली. फोन वाजायच्या आधी तू खिडकीशी उभी राहायचीस, तेव्हा मनात काय असायचं ते मला माहीत नाही. ती रिकामी ठेवलीय.

माझा मुलगा मंगळवारी माझ्यापुढे आला, आणखी दोन चौकटी भरून. एक चुकीची होती. मी सांगितलं नाही. तुझ्या भावाच्या नव्या घराचा पत्ता त्यानं मागितला, म्हणाला, जातो आणि घेऊन येतो. मी दिला नाही. म्हटलं, आणायला ती काय सामान आहे? तिला विचारते, तिनं द्या म्हटलं तर देईन. तो तोंड पाडून बसला. पोटचं पोर आहे. तरी नाही दिला.

आता मुद्द्याचं. मागच्या खोलीला गल्लीकडून एक दार आहे. तुझी पुस्तकांची उंच फळी त्यावर टेकवलीय म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. परवा मी सुताराला बोलावलं. फळी दुसऱ्या भिंतीला लावायची, दार मोकळं करायचं, बाहेरून कुलूप बसवायचं आणि किल्ली तुला पाठवायची. म्हणजे तुला प्रकाशनात यायचं असेल तर आमच्या घरातून यावं लागणार नाही. त्याचं तोंड बघायला नको, माझंही नको. काम करावंस, कुलूप लावावंस, जिथे राहायचं तिथे जावंस. कामाला येणं, या घरात राहणं आणि त्याच्याशी बोलणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही तिन्हींचं मिळून एकच बटण केलं होतं. दाबलं तर सगळं चालू, नाहीतर सगळं बंद.

सुतारानं हातोडी काढली आणि मी एकदम म्हटलं, थांबा. काय करत होते मी? फळी तुझी, खोली तुझी, आणि मी तुला न विचारता दार मोकळं करून तुला चकित करायला निघाले होते. माझा मुलगा कुणावर गेलाय ते कळलंच असेल तुला. सुताराला चहा पाजून परत पाठवलं.

तर विचारते. दार उघडू का?

हो म्हण, नाही म्हण, वेगळंच काही म्हण. मला काय वाटतं ते मी लिहिलेलं नाही, तू ओळखतेसच. पुढचं पुस्तक कुठलं, रिमोटवाल्यांना काय सांगू, तू मला किती आठवतेस, यावर अजून चार पानं सहज भरली असती. नाही भरत. तुझ्या कागदावर माझी पेन्सिल नको.

घाई नाही. टेबलाखालची घडी मी काढत नाहीये. पत्र पाकिटात घालते, तोंडात गोळी टाकते, आणि बसते.

तुझ्या कचेरीतली,
फोनवरची बाई