कडू लवकी

आई, आज सकाळी पाण्याचा पाइप हातात घेऊन मी सांदवाडीच्या दारातच उभी राहिले. मागच्या अंगणातला आपलाच पालक, आपलीच वांगी, आपलीच सांबार-कोथिंबीर, आणि पाय काही पुढे पडेना. साठीला आलेली बाई मी, भाजीला घाबरते. दुसरं कोणी ऐकेल तर हसेल.

तुझे जावई रिटायर झाले, मागोमाग शुगर निघाली, तेव्हापासून त्यांचं एकच टुमणं, फवारणीची भाजी घरात नको. मग मी पोत्यांत, टबांत, फुटक्या माठांत काहीबाही लावत गेले. शेवग्याच्या बुंध्याशी भाज्यांची सालं टाकते ना, तिथे लवकीचा एक वेल आपोआप उगवला. मी लावलाही नव्हता. बघता बघता शेवग्यावर चढला आणि अशा कोवळ्या, लुसलुशीत लवक्या धरल्या, की शेजारणी "दुधी पाहा कसे लागले" म्हणत कंपाउंडवरून वाकून पाहत. मला तर बाई गर्वच झाला.

पहिलीच लवकी तोडून मी मिक्सरमध्ये रस काढला. एक घोट घेतला आणि तसाच थुंकला. म्हटलं, "अहो, कडू जहर आहे, फेकते." त्यांनी ग्लास हातातून घेतला. "काहून फेकून राहिली वं? कारलं काय गोड असते? कडू आहे म्हणजे शुगरले चांगलंच." नाक दाबून गटागट प्याले. आणि मला पटलं गं. आपल्याकडे कडू म्हटलं की औषधच. कडुनिंब, मेथ्या, काढा, सगळं आपण तोंड वाकडं करून पीत आलो. मी ग्लास विसळून ठेवला.

चहा उकळेस्तोवर त्यांना मळमळायला लागलं. मग उलट्या, जुलाब, आणि मग उलटीत रक्त. ऑटोत त्यांचा हात माझ्या हातात होता, थंडगार, घामानं ओला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकांनी काय घेतलं होतं?" मी म्हटलं, लवकीचा रस. "कडू होता?" मी म्हटलं, हो. त्यांचा चेहराच बदलला. "काकू, कारल्याचं कडू वेगळं. कडू लवकीत विष असते. बीपी खूप खाली गेला आहे, आत्ताच काही सांगता येत नाही." पडदा ओढला आणि मला बाहेर बसवलं. माझ्या अंगणात उगवलेलं, माझ्या हातानं दिलेलं. माणूस मरतो आहे आणि तो माझ्यामुळे मरतो आहे, एवढंच डोक्यात.

त्या बाकावर तू आठवलीस. क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. मामा काटोलहून बसनं आलाय, पाटावर बसलाय, ताट मांडलंय. तू लवकीची भाजी बोटावर घेऊन चाखतेस, आणि भाजीचा भरला गंज शेगडीवरून उचलून मागे नेऊन ओततेस. मी चिडते, "पाहुणा जेवायले बसला अन् तू भाजी फेकून राहिली?"

"कडू निघाली."

"मग गूळ टाक ना."

"गुळानं कडू जाते काय वं? एखाद्याचा जीव जाईन!" तू माझ्यावर इतकी कधीच ओरडली नव्हतीस. मामाला तू घाईघाईनं बेसन हाटून वाढतेस, तो मिटक्या मारत खातो, आणि मी दिवसभर फुगून बसते. मला वाटलं, तू उगाच कांगावा करतेस. हे सगळं मला दवाखान्याच्या बाकावर आठवावं? ग्लास त्यांच्या तोंडाला लागला तेव्हा कुठे गेली होतीस तू?

वाचले गं ते. सलाइनवर पडून राहिले, पण वाचले. वेल मी मुळासकट उपटून जाळला. त्यांना मात्र भीती म्हणून नाही. घरी पाय टाकला आणि पुन्हा तेच, "बाजारातलं नको, आपल्या सांदवाडीतलं दे." डॉक्टरीणबाईंनी समजावलं आहे, पालकाला, वांग्याला काही होत नाही. कळतं मला. तरी मी एकेक पान चावून बघते आणि माझं पोट दुखतं का म्हणून वाट पाहत बसते. ते ढेकर देतात आणि मी पोळी तव्यावर टाकून त्यांच्यापाशी धावते. दुपारी झोपले की त्यांची छाती वरखाली होते की नाही ते बघत राहते. त्यांना हे सांगायची सोय नाही. म्हणतील, येडी झाली काय?

हे कागद कुठे पाठवायचे, तूच सांग. लिहून झाले की फाडणार आहे. पण एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही, ती तुला सांगते. चावून पाहिली तरी धीर होत नाही, घरची भाजी मी तोडते आणि शेवग्याखाली पुरते. मग ते झोपले की मागच्या दारानं निघते, जरीपटक्याच्या बाजारातून जुड्या आणते, मुळांना आपल्या अंगणातली माती चोळते आणि टोपलीत मांडून ठेवते. काल जेवताना बोटं चाटत म्हणाले, "पाहा, घरच्या पालकाची चवच वेगळी."

मी म्हटलं, "हो ना," आणि त्यांना आणखी वाढला.