तारखेखालची तिथी

बाबा, परवा पंचायतीत ग्रामसभा झाली आणि खुर्च्या कमी पडल्या. ज्या कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसून तुम्ही जन्म काढलात, तिथंच तुम्ही गेल्यावर मी सरपंच झाले. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून आधी तेच सांगते.

पंचायतीची गोष्ट तुम्ही नेहमी एका कौलारू खोलीपासून सुरू करायचात. विहिरीचा गाळ, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद, एवढाच कारभार. मग घिवलीकडे वीज केंद्र आलं, बोईसरला कारखाने आले, भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि नळ, गटार, कचरा सगळं त्याच खोलीच्या गळ्यात पडलं. सरपंच आले, गेले; तुम्ही शिपाई म्हणून तिथंच. नोटीस मात्र माझ्याकडून लिहून घ्यायचात, कारण तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे. मी सहावीत असेन. स्वयंपाकघरात आई बोंबील निवडतेय, मी शेजारी बसून ग्रामसभेची तारीख, वार, वेळ सुबक अक्षरात लिहिते आणि शाबासकीची वाट बघते. तुम्ही कागद बघून चिडलात. "तारीख लिवलीस बाय, पन तिथी कुठं हाय? दर्याला तारीख समजत नाय." पुनवे-अवसेच्या उधाणाला होड्या बाहेर, अष्टमीच्या आसपास भांगेला पाणी मंद, तेव्हा माणसं घरात. सभा सरपंच ठरवत, पण तुम्ही होड्यांवरच्या तांडेलांना विचारून तिथी हळूच सरपंचांच्या गळी उतरवायचात आणि फळ्यावर तारखेखाली खडूनं लिहायचात.

आणि तुमच्या या मुलीनं सरपंच झाल्यावर पहिलीच ग्रामसभा ठेवली ती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी! विषय होता बंदरावरच्या वलांड्यांच्या जागेचा, जिथं सगळ्या बायका आडव्या बांबूंवर मासळी वाळत घालतात. ती गोदामाला द्यावी असं काही सदस्यांचं म्हणणं. सभेला आली ती त्यांचीच माणसं. होड्या समुद्रात, बायका मासळीत. गणपूर्ती नाही, सभा तहकूब. ग्रामसेवक म्हणाले, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, दोन दिवसांत उरकून टाकू, असतील ते हात वर करतील. जागा जाणार होती, आणि ती माझ्याच सहीनं.

मी हट्टानं अष्टमी धरली. फळ्यावर खडूनं तिथी लिहिली, रिक्षावरचा भोंगा नको म्हटलं आणि आळीआळीनं स्वतः सांगत फिरले. एका म्हातारीनं टोपली खाली ठेवली नि म्हणाली, "तुजा बापूस पन असाच यायाचा." मला तिथंच रडू आलं. सभेला उभं राहायला जागा नव्हती. जागा वाळवणासाठीच राहील, हा ठराव हात मोजावे न लागता झाला. अभिमान वाटला बाबा, माझा थोडा आणि तुमचा फार.

नंतर पालघरहून जिल्हा परिषदेचे साहेब आले. ग्रामसभेला एवढी गर्दी झाल्याचं कधी ऐकलं नाही म्हणाले, तिथी लिहायची कल्पना कोणाची, असं विचारलं. मी म्हटलं, माझी. तुमचं नाव घेतलं तर शिपायाची मुलगी म्हणून ओळख होईल, असं त्या क्षणी मनात आलं. मघाशी पुढच्या सभेची नोटीस लावून आले, तारखेखाली तिथीसकट. तिच्याच कच्च्या कागदामागे हे लिहिलंय, आणि ते माझ्या खणातच राहील. साहेबांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.