झिलईत राहिलेली बोटं

अहो,

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी झिलईत बुडवलेले वाडगे आपल्या शुसाकुने काल भट्टीतून काढले. डोंगरावरच्या पहिल्या बर्फासारखे पांढरे उतरलेत. बुडवताना बुडाशी तुमची बोटं टेकली, तिथे तेवढी माती उघडी आहे. भाजण्याआधी त्या खुणा बुजवायला लेकाने ब्रश उचलला होता. मी त्याचा हात धरला.

"आई, गिऱ्हाईक खोट काढेल."

"काढू दे. तुझे बाबा म्हणायचे, मेपलचं पान गळलं की फांदीवर खूण राहते, ती कोणी बुजवतं का?"

एक वाडगा मी ठेवून घेतला. त्या खुणांत माझी बोटं हरवतात. आज शुसाकुने त्यातच चहा मागितला. त्याची बोटं बरोबर बसली. बराच वेळ तो प्यायलाच नाही.

तुमची,
हिसानो